हाक्यात सोडलेली वाट

थंडी पडू लागली की यवतमाळच्या बाजारात तुरीच्या हिरव्या शेंगांचे ढीग लागतात आणि माझा स्वभाव बिघडतो. नवरा म्हणतो, हिला शेंगा सोलायचा कंटाळा. साफ खोटं आहे. पेपर पसरून बसावं, अंगठ्यानं शेंग दाबावी, सोले टपटप वाटीत पडावेत, त्यातला एखादा तोंडात जावा आणि संध्याकाळी सोलेभात व्हावा, हे मला मनापासून आवडतं. पण पाचव्या-सहाव्या शेंगेला हमखास लेतूमामा आठवतात. सात वर्षांपूर्वी अशाच तुरीच्या दिवसांत माझ्या एका चुकीमुळे त्यांचं नाव गेलं, आणि मी तोंडातून शब्द काढला नाही. मग सोले गोड लागत नाहीत.

तेव्हा मी घाटंजी तालुक्यात कृषी सहायक होते. आमच्या घरात तीन पिढ्या कचेरीत गेलेल्या. वडिलांनी आयुष्यभर फाइली बांधल्या, आजोबांनी त्याच फाइलींना दोरे ओवले. शेत म्हणजे एसटीच्या खिडकीतून मागं पळणारी गोष्ट, एवढीच आमची ओळख. नोकरी लागली आणि पहिल्याच वर्षी रानडुकरांनी केलेल्या नुकसानीचे पंचनामे माझ्या वाट्याला आले. तलाठी, वनरक्षक आणि मी, असे तिघं धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभे राहायचो. तिघांपैकी एकालाही खात्रीनं सांगता यायचं नाही की हे उकरलेलं डुकराचं, रोह्याचं म्हणजे नीलगाईचं, की गावातल्या मोकाट जनावरांचं. शेतकरी म्हणायचा डुक्कर, आम्ही लिहायचो डुक्कर.

असंच एकदा लिहीत असताना मागून आवाज आला, "डुक्कर नोहे थे. रोही हाय."

वळून पाहिलं तर गुडघ्यापर्यंत धोतर, अंगात जुनं जर्किन, हातात पातळ काठी असा एक बारकासा म्हातारा. जंगलाच्या कडेला कोलामांची वस्ती आहे, तिला पोड म्हणतात. तिथले हे लेतूमामा. वनखात्याची रीतसर परवानगी मिळाली आणि बंदुकीचा परवाना असलेला माणूस आला, की डुकरं कुठं आहेत, कुठून निघतील, कुठं बसायचं हे दाखवायला पंचक्रोशी त्यांनाच बोलवायची. ते स्वतः बंदुकीला हात लावत नसत. त्यांचं काम फक्त दाखवायचं.

"काहून? रोहीच काहून?" मी विचारलं. 'का'साठीचा हा शब्द मी त्यांच्या भागात नवाच शिकले होते आणि लहान मुलीनं नवी बाहुली मिरवावी तसा मिरवत होते.

त्यांनी काठीनं मातीत दाखवलं. रोह्याचा खूर लांबट, पुढं टोक. डुकराचा बसका, आणि त्याच्या मागं बाजूला दोन बारकी टिंबं उमटतात, मागच्या नखांची. "हे टिंबं नाईत तं डुक्कर नाई. लिहा आता."

मी खोडून पुन्हा लिहिलं. तलाठी वैतागले, कारण कागद खराब झाला. त्या दिवसापासून मी सुट्टीच्या दिवशीही मामांच्या मागं हिंडू लागले. घरी सांगायचे, प्रशिक्षण आहे. ते खोटं नव्हतंच म्हणा.

श्रावणात त्यांनी मला पळसाचं खोड वाचायला शिकवलं. डुक्कर चिखलात लोळतं आणि मग झाडाला अंग घासतं. खोडावर चिखल किती उंचीवर लागला, त्यावरून जनावर केवढं ते कळतं. पण मामा तेवढ्यावर थांबत नसत. ते चिखल नखानं खरवडून बोटांवर चोळत. "पिवया गारा हाय. खालच्या नाल्यात काया गारा. पिवया गारा वरच्या तयाच्या काठाले. मंजे थे तठून आलं, अन् तठीच जाईन." दोन बोटांच्या चिमटीतल्या पिवळ्या चिखलात जनावराचा तळ्यापासूनचा येण्या-जाण्याचा सगळा रस्ता. मी नोकरी लागल्यापासून मातीपरीक्षणाचे नमुने पिशव्यांत भरून प्रयोगशाळेला पाठवत होते, आणि मातीला असंही काही विचारता येतं हे मला माहीत नव्हतं.

कापूस फुटला की त्यांच्या खिशात नेहमी एक बोंड असायचं. त्यातला तंतू काढून ते हवेत सोडत आणि तो कुठं जातो ते बघत उभे राहत. डुकराची नजर मंद, पण नाक फार तिखट. वारा आपल्याकडून त्याच्याकडे जात असला तर सगळी मेहनत वाया. पहिल्यांदा त्यांच्याबरोबर गेले तेव्हा त्यांनी माझ्याभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "मॅडम, पावडर लावून नोका येत जाऊ. डुकराले वाटीन लगन हाय."

आणि उन्हाळा. उन्हाळ्यात तर सगळं सोपं, असं मला वाटायचं. जंगलातले झरे आटतात, एखाद-दुसऱ्या डबक्यावर सगळी जनावरं येतात. तिथं दबा धरून बसलं की झालं. बंदूकवाल्यांची मागणीही तीच असायची. पण मामा पाण्यावर कुणाला बसवत नसत.

"काहून?"

"पाणी प्याले आलेल्याले मारते का कोनी? थो पाव्हना असते."

"आणि वावरात आला तर?"

"वावरात आला तं चोर." ते हसले. "त्यातबी पिल्लंवालीले नाई. पट्ट्यापट्ट्याचे पिल्लं मांगं दिसले का बंदूक खाली."

माझ्या या सततच्या प्रश्नांमुळे त्यांनी माझं नावच ठेवलं होतं, काहूनबाई. पोडातली पोरंसोरंही मला त्याच नावानं हाक मारायची. मला राग यायचा नाही. ऑफिसात कुणी मला प्रश्न विचारू देत नव्हतं, इथं त्याच गुणावर नाव मिळालं होतं.

तर ते तुरीचे दिवस. विमलताईंचं शेत जंगलाला अगदी लागून. सोयाबीन निघालेलं, कापसाची वेचणी चालू, आणि मधे डोक्याच्या वर गेलेली तूर. त्या तुरीच्या एका कोपऱ्यात त्यांचा बियाण्याचा तुकडा होता, पांढऱ्या तुरीचा. ही तूर त्यांच्या आईनं त्यांना लग्नात गाठोड्यात बांधून दिलेली. बाजारात तिचं बियाणं मिळत नाही. दरवर्षी त्या तेवढाच तुकडा पेरायच्या, त्यातलंच पुढच्या वर्षाला ठेवायच्या, उरलेलं वरणाला. त्या वर्षी घरातल्या बियाण्याच्या डब्याला कीड लागली होती आणि होतं नव्हतं ते सगळं त्यांनी पेरून टाकलं होतं. म्हणजे जे काही होतं ते त्या तुकड्यात उभं होतं. तो गेला असता तर आईची तूर संपली असती.

आणि डुकरांचा एक कळप दिवसाढवळ्या त्यांच्या मोठ्या तुरीत मुक्कामाला आला होता. विमलताईंनी सगळं करून पाहिलं. धुऱ्याला जुन्या साड्या बांधल्या, त्यामुळे शेत दुरून वाळवण घातल्यासारखं दिसायचं. न्हाव्याकडून केसांचं पोतं आणून बांधावर पसरलं. रात्ररात्र जागली केली. डुकरांना पाच-सहा दिवसांत साड्यांची सवय झाली आणि केसांची त्याहून लवकर.

शेवटी अर्ज केला, परवानगी आली, मोजक्या दिवसांची. बंदूक मनोहररावांची. ते निवृत्त शिक्षक, पीक संरक्षणाचा परवाना बाळगून असलेले, आणि बोलताना अजूनही प्रत्येकाला विद्यार्थी समजणारे. हाका लावायचा लेतूमामांनी.

हाका म्हणजे जनावर हुसकायला केलेला नुसता आरडाओरडा, असा माझा समज होता. मामांनी आधी दोन दिवस शेताच्या चारही बाजू चालून पाहिल्या. सकाळी दवात, कारण दव पडल्यावर उमटलेला खूर कोरा दिसतो आणि दवाआधीचा पांढुरका. तुरीच्या दोन ओळींमधल्या कुठल्या तासातून कळप आत शिरतो, कुठून बाहेर पडतो, ते त्यांनी नक्की केलं. मग हाकारे गावाच्या बाजूनं उभे केले, डबे वाजवत सरकत येतील असे. मनोहररावांना एका अंगाला तिरपं बसवलं. आणि जंगलाच्या बाजूला, जिथं धुरा फुटून नाल्यात उतरतो, तिथं दोन-चार पावलांची जागा मोकळी सोडली. तिथं ना माणूस, ना डबा, ना साडी.

मला त्यांनी त्या जागेपासून थोडं बाजूला, एका पळसाखाली बसवलं. "इथून उठू नोका," एवढंच म्हणाले.

वर्षभर शंभर वेळा काहून विचारणारी मी त्या दिवशी हो म्हणून बसले. एकदाही विचारलं नाही.

सकाळचं कोवळं ऊन होतं. तुरीच्या पिवळ्या फुलांचा शेवटचा बहर अजून वरच्या फांद्यांवर होता आणि त्यावर मधमाश्या. लांबून डबे वाजायला लागले, अजून बारीकच. मी समोर बघत होते. त्या मोकळ्या जागेत, नाल्याच्या तोंडाशी, मातीत काहीतरी मोठं उमटलेलं दिसत होतं. एवढा मोठा खूर मी पाहिला नव्हता. हा डुकराचाच का? टिंबं आहेत का मागं? कडा ढासळलेल्या आहेत की ताज्या? डबे अजून लांब आहेत, बघून येऊ, पटकन. मी उठले, गेले, वाकले. टिंबं होती. चांगली खोल होती. मी खूश झाले आणि वही काढली.

तुरीत खसखस झाली. मान वर केली तर पंधरा-वीस पावलांवर मादी उभी. तिच्या मागं तासातून तोंडं बाहेर काढलेली पिल्लं, अंगावर पट्टे. तिचं नाक हलत होतं. मला अजूनही ते नाक आठवतं, ओलं, सतत काहीतरी विचारणारं. मी दगडासारखी उभी. तिनं एक फूत्कार टाकला आणि कळप मागं वळला. मागं डबे. उजवीकडे बंदूक. डावीकडे पांढऱ्या तुरीचा तुकडा. तो मोडत, तुडवत, हाकाऱ्यांच्या रांगेतून एका पोराला खाली पाडून सगळा कळप गावाकडच्या अंगानं पळाला. पोराला खरचटलं, एवढ्यावर निभावलं. मधे माणसं होती म्हणून मनोहररावांना गोळी टाकता आली नाही. मी धावत पळसाखाली येऊन बसले. तूर डोक्यापेक्षा उंच होती, कुणी काही पाहिलं नव्हतं.

सगळे जमले. विमलताई मोडलेल्या तुकड्यापुढं उभ्या होत्या. रडत नव्हत्या, नुसत्या बघत होत्या, आणि ते जास्त वाईट होतं. मनोहरराव म्हणाले, "मामा, तुमच्या हाक्यात जनावर आजवर मागं फिरलं नाही."

मामा नाल्याच्या तोंडाकडे गेले, मीही मागं मागं गेले. तिथं मातीत कळपाचे वळलेले खूर होते आणि त्यांच्या समोर, अगदी स्वच्छ, माझ्या सँडलचे ठसे. सँडलच्या तळाला फुलाफुलांची नक्षी होती. अख्ख्या तालुक्यात असलं पादत्राण घालून शेतात हिंडणारी मी एकटीच असेन. मामांनी ते ठसे पाहिले. कळपाच्या खुरांकडे पाहिलं. मग सहज उभं राहिल्यासारखं करून पायानं माती सारवून टाकली. माझ्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

परत येऊन ते विमलताईंना म्हणाले, "माहा अंदाज चुकला, बाई."

"तुमच्या भरवशावर व्हतो मामा आमी," विमलताई म्हणाल्या. तेवढंच. पण चारचौघांत म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पंचनाम्याचा कागद माझ्याच हातात होता. नुकसानीचं कारण, या रकान्यात मी लिहिलं, रानडुक्कर. टिंबं होतीच ना मागं.

नंतरचे दोन दिवस मी रजा टाकली आणि विमलताईंबरोबर वाकलेली झाडं उभी केली. जी मुळापासून तुटली ती गेली, पण वाकलेली तूर जिवट असते. तीन-तीन झाडं एकत्र धरून जुन्या साडीच्या चिंध्यांनी बांधली. विमलताईंना वाटलं, मॅडम फार चांगल्या मनाच्या. त्यातून हंगामाला एका डब्यापुरतं बियाणं निघालं. आईची तूर वाचली. मामांचं नाव मात्र बांधून उभं करता येण्यासारखं नव्हतं. परवानगीचे दिवस संपले. पुढच्या साली कुणी त्यांना हाक्याला बोलावलं नाही, त्याच्या पुढच्याही नाही. लोकांनी कुंपणाच्या तारेत विजेचा झटका सोडणारी मशिनं आणली, भोंगे आणले. माझी बदली यवतमाळला झाली आणि मी सुटले, असं मला वाटलं.

विमलताई मात्र दरवर्षी एसटीच्या कंडक्टरबरोबर पांढऱ्या तुरीच्या शेंगांची पिशवी पाठवत राहिल्या. या वर्षीही आली. मी पोचल्याचा फोन केला. इकडचं तिकडचं झालं. डुकरं यंदा फार मातली आहेत, झटक्याच्या तारेखालून माती उकरून येतात, असं त्या सांगत होत्या. मी म्हटलं, "लेतूमामांना विचारा ना."

"त्यायले आता दिसत नाई हो. मोतीबिंदू हाय. अन् त्यायचा अंदाज तं तवाच गेलता."

फोन ठेवला. समोर वाटीत सोले होते. मी त्या दिवशी भात केला नाही. रविवारी सकाळची एसटी धरून घाटंजी गाठली आणि तिथून ऑटो करून पोडात गेले.

मामा उन्हात बसले होते. माझ्या आवाजावरून त्यांनी ओळखलं. "काहूनबाई! काहून आल्या?"

"सांगायला आले. विमलताईंना, त्या दिवशीचं."

"कायले? झालं थे झालं."

"मामा, तुम्ही पाय फिरवून ठसे पुसले. काहून?"

त्यांनी तोंड माझ्या आवाजाकडे वळवलं. मला वाटलं, आता काहीतरी मोठं बोलतील. क्षमा वगैरे. ते म्हणाले, "तुमाले इथून उठू नोका मनलं. काहून उठू नोका, थे नाई सांगतलं. हाक्यात एक वाट सोडा लागते, जनावराले जाले. वाट नाई भेटली तं थे माणसावर येते. तुमी त्या वाटेत उभ्या राह्यल्या. पण वाट हाय हे तुमाले मीच नाई सांगतलं ना. मंग चूक कोनाची?"

"माझी," मी म्हटलं.

"मंग चाला," म्हणाले, आणि काठी शोधायला लागले.

विमलताई धुऱ्यावरच भेटल्या. मी बसलेसुद्धा नाही, उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. सँडल, वही, मादी, पट्ट्यांची पिल्लं. मग विमलताई माझ्याकडे पाठ करून मामांकडे वळल्या.

"सात वर्सं, मामा. सात वर्सं मी तुमाले वावरात नाई बलावलं. आन् तुमी बोलले नाई?"

"तुमी इचारलं नाई," मामा म्हणाले.

विमलताईंनी डोळ्यांना पदर लावला. मग झटकन म्हणाल्या, "परवानगी आली हाय. बुधवारपासून. हाका तुमी लावा."

"मले दिसत नाई ना बाई आता."

मला तिथून निघून जावंसं वाटत होतं. विमलताईंनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. राग होताच, तो जायला वेळ लागेल आणि लागावा. त्या म्हणाल्या, "यायले दिसते ना. लई पाह्याची हौस होती."

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी, दवातच, मी मामांचा हात धरून शेताच्या चारही बाजू चालले. पायात या वेळी साधी रबरी चप्पल. धुऱ्याच्या कोपऱ्यावर पांढऱ्या तुरीचा तुकडा उभा होता, शेंगा भरलेल्या. मामा थांबत, मी वाकून बघून सांगे. बसका खूर. मागं दोन टिंबं.

"ताजा हाय का जुना?"

"ताजा."

"काहून?"

"दवावर उमटलाय. कडा शाबूत आहेत."

ते मान हलवत आणि पुढं चालत. खिशातून त्यांनी कापसाचं बोंड काढलं, तंतू सोडला आणि मला विचारलं कुठं गेला. मी सांगितलं, गावाकडं. असं करत आम्ही नाल्याच्या तोंडाशी आलो. माती तीच होती. त्यांनी काठी टेकली.

"आता वाट कोठी सोडाची, दाखवा."

मी त्यांचा हात धरून काठीचं टोक त्या जागेवर नेऊन ठेवलं, आणि बाजूला झाले.